‘डिझेल आहे, पाच लाख चालेल’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे चार गटांतून आला: एकदा शाळेच्या, एकदा सोसायटीच्या आणि दोनदा नातेवाइकांच्या. त्याचा आशय थोडक्यात असा. नव्या डिझेल एसयूव्हीवर वीस-बावीस लाख घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे. दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी पाच-सहा लाखांत घ्यावी, कारण डिझेल इंजिन पाच लाख किलोमीटर सहज चालते. एक चक्कर मारली आणि सायलेन्सरचा धूर पाहिला की गाडी कळते. ऑइल काळे दिसले तर सोडून द्यावी. जास्त रनिंगची भीती वाटत असेल तर कमी मीटरची शोधावी. दिल्लीहून आणली तर आणखी दोन लाख वाचतात. बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक निकषांच्या, गाडीतला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) त्रास देऊ लागला तर काढून टाकावा. आणि हे सगळे पैसे डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये वसूल होतात.

मी स्वतः जुनी डिझेल एसयूव्ही वापरतो, पुढची गाडी घेतली तरी बहुधा जुनीच घेईन, आणि भरपूर रनिंग झालेल्या गाडीला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. म्हणूनच हा संदेश मला खटकतो. तो निखालस खोटा असता तर चार लोकांनी हसून सोडून दिला असता. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्याचे बिल वाचणाऱ्याच्या नावावर फाटते.

इंजिनाच्या आयुष्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ‘डिझेल पाच लाख चालते’ ही ख्याती कुठून आली, हे आधी पाहिले पाहिजे. १९९४ मध्ये आलेली सुमो, २००० मध्ये आलेली क्वालिस आणि त्याआधीच्या महिंद्राच्या जीप यांनी ती कमावली. क्वालिसचे २.४ लिटरचे इंजिन साधे होते: इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो नाही, सामायिक नळीतून प्रचंड दाबाने इंधन पुरवणारी कॉमन रेल नाही, पंप यांत्रिक, ताकद जेमतेम पंचाहत्तर अश्वशक्तीच्या घरात. असे इंजिन स्वतःवर कधी फारसा ताण येऊच देत नसे आणि बिघडले तरी तालुक्याच्या गावातला मिस्त्री पंप उघडून ते पुन्हा चालू करून देई. पुढे २००५ मध्ये इनोव्हा आली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विमानतळाच्या फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सींनी चार-चार लाख किलोमीटर खरोखरच ओढून दाखवले. हे मी नाकारत नाही.

पण त्या टॅक्सीचे आयुष्य कसे होते? ती सकाळी एकदा सुरू होई, तासाभरात घाटाखाली उतरे आणि दिवसभर गरम इंजिनाने सरळ रस्त्यावर धावे. ऑइल बदलायचा दिवस चुकला तर धंदा बुडतो, हे मालकाला पक्के ठाऊक असल्यामुळे तो दिवस चुकत नसे. शिवाय ज्या टॅक्सी दोन लाखांवर मोडीत निघाल्या, त्यांची गोष्ट सांगायला कोणी गटात येत नाही. टिकलेल्या गाड्यांकडे बोट दाखवून सगळ्याच टिकतात म्हणणे, म्हणजे नव्वदीतल्या एखाद्या आजोबांकडे बघून तंबाखूने काही होत नाही म्हणण्यासारखे आहे.

इंजिनाची झीज केवळ किलोमीटरने मोजता येत नाही, हेही संदेशात कुठे येत नाही. साधा हिशेब करू. शहराच्या वाहतुकीत ताशी सरासरी अठरा किलोमीटरने ६०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे इंजिन सुमारे ३,३०० तास फिरलेले असते. महामार्गावर ताशी सरासरी पंचावन्नने १,६०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे सुमारे २,९०० तास. म्हणजे मीटरवर जी गाडी जवळपास तिप्पट म्हातारी दिसते, तिचे इंजिन प्रत्यक्षात कमी फिरलेले असू शकते. शहरातल्या गाडीने त्याशिवाय हजारो वेळा थंड इंजिनाने सुरुवात केलेली असते, क्लच अर्ध्यावर दाबून चौक ओलांडलेले असतात. त्यामुळे ‘दोन लाख झाले तरी काही होत नाही’ हे जितके चूक, तितकेच ‘दोन लाख झाले म्हणजे गाडी संपली’ हेही चूक.

संदेशाची खरी चूक मात्र याच्याही पुढची आहे. इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन, पाच लाख चालेलही. परंतु आपण नुसता ब्लॉक विकत घेत नाही. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये इंधन १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाबाने नोझलमधून फवारले जाते, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सातशेपटीहून जास्त दाबाने, आणि तेही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असलेल्या छिद्रांतून. इतक्या नाजूक कामाला डिझेलमधला पाण्याचा अंश किंवा एकदा बदलायचा राहिलेला फिल्टर पुरेसा असतो. त्यापलीकडे टर्बो आहे, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर आहे, उच्च दाबाचा पंप आहे, अनेक गाड्यांत क्लचसोबत इंजिनाचे हिसके शोषणारे दोन भागांचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आहे. हे सारे भाग दीड ते अडीच लाखांच्या पट्ट्यात एकामागून एक आपापली पाळी लावतात. पहिला मालक नेमका याच सुमारास गाडी का काढतो, हा प्रश्न विचारायला हवा. दर वेळी उत्तर वाईट निघते असे नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचे, म्हणजे टायमिंग बेल्टचे, उदाहरण यासाठी बोलके आहे. ज्या इनोव्हाच्या नावाने पाच लाखांची शपथ घेतली जाते, त्या जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर इंजिनाला चेन आहे. डस्टरच्या १.५ लिटर डिझेललाही बेल्टच. तो कधी बदलायचा ते कंपनीच्या पुस्तिकेत छापलेले असते, आणि न बदलता तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून एका क्षणात हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, काम निघते. पाच लाख चाललेल्या प्रत्येक जुन्या इनोव्हाच्या मालकाने हा बेल्ट वेळेवर बदललेला असतो. विकणाऱ्याला ‘बेल्ट कधी बदलला, बिल आहे का’ एवढेच विचारावे. तो ‘चेन आहे हो साहेब, चिंता नको’ म्हणाला आणि गाडीला बेल्ट निघाला, तर त्या गाडीची देखभाल किती झाली असेल हे वेगळे सांगायला नको.

आता ‘एक चक्कर मारली की गाडी कळते’ या मुद्द्याकडे येतो. इथे मला स्वतःची फजिती सांगावी लागेल.

२०२१ मध्ये मी पुण्यात एक सात-आसनी डिझेल एसयूव्ही घेतली. गाडी २०१४ ची, मीटर १,४८,०००. विक्रेत्याने सकाळी अकराला बोलावले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी धुऊन, पुसून उभी होती, किल्ली लावताच सुरू झाली, धूर दिसला नाही, चक्कर मारली, पिकअप छान वाटला. सोबत आलेल्या मेहुण्याने बोनटवर हात ठेवला आणि म्हणाला, “दाजी, हे गरम आहे.” विक्रेता हसून म्हणाला, “तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली, साहेब.” मला ते आदरातिथ्य वाटले.

तीन महिन्यांनी खंबाटकी घाट चढताना गाडीने ओढणे सोडले. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा आला आणि मागून येणारे ट्रक आम्हाला ओलांडून जाऊ लागले. कात्रजजवळच्या गॅरेजात मिस्त्रींनी चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येकीखाली एकेक पारदर्शक बाटली टांगली आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. तीन बाटल्यांच्या तळाशी बोटभर डिझेल जमले; चौथी निम्म्याहून जास्त भरली. “बघा साहेब,” ते म्हणाले, “हे नोझल आलेलं डिझेल मागेच सोडून देतंय. पुढे दाब कुठून यायचा? थंड गाडी सुरू करून बघितली होती का घेताना?” बघितली नव्हती. गळके नोझल असलेली गाडी गरम असताना अनेकदा गुणी बाळासारखी सुरू होते. रात्रभर उभी राहिल्यावर मात्र तिला दाब तयार करायला वेळ लागतो, स्टार्टर लांब फिरवावा लागतो आणि पहिल्या मिनिटाला पांढरट धूर येतो. विक्रेत्याने ते पहिले मिनिट आमच्या येण्याआधीच उरकून घेतले होते.

पुढच्या चौदा महिन्यांत नोझलच्या दुरुस्तीचे ४६,०००, क्लच आणि फ्लायव्हीलचे ५२,०००, टर्बो नियंत्रित करणाऱ्या ॲक्च्युएटरचे आणि फाटलेल्या रबरी नळीचे १८,००० आणि सस्पेन्शनचे २१,००० असे एकूण १,३७,००० रुपये मी मोजले. यातला एकही बिघाड लपून राहण्यासारखा नव्हता. मी तो शोधला नाही एवढेच. एका चकरेत गाडी कळते खरी, पण ती चक्कर सकाळी सात वाजता, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत आणि आपल्या हाताने किल्ली फिरवून मारावी लागते. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावे लागते, कारण घसरणारा क्लच आणि थकलेला टर्बो सपाट रस्त्यावर तक्रार करत नाहीत. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून ते तोंडावर उलटे ठेवून पाहावे. थोडी वाफ आणि थरथर चालते, पण झाकण उडू लागले आणि आतून धापा टाकल्यासारखी हवा येऊ लागली तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरट थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी कुठून आले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

धुराचा मुद्दा त्यामानाने बरोबर आहे, फक्त अपुरा आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट आत जळत असल्याची शंका. पण काळ्या ऑइलबद्दलचे वाक्य मात्र पूर्णपणे उलटे आहे. डिझेल इंजिनातले ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवते, ते त्याचे कामच आहे, आणि नवे भरल्यावर काहीशे किलोमीटरांतच ते काळे पडते. उलट, दीड लाख चाललेल्या डिझेलची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, मधाच्या रंगाची निघाली, तर ऑइल कालच का बदलले असेल याचा विचार करावा. काळेपणापेक्षा पातळी महत्त्वाची: ऑइल ‘कमाल’ खुणेच्या वर चढलेले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर प्रकरण वेगळे आहे, त्याचे कारण पुढे डीपीएफच्या संदर्भात येईलच.

कमी मीटरच्या सल्ल्याने किती जण फसले असतील कोण जाणे. डिजिटल मीटरवरचा आकडा लॅपटॉप जोडून बदलता येतो आणि बाजारात ते राजरोस होते. संदेश ज्या ग्राहकाला ‘कमी रनिंगची शोधा’ म्हणून सांगतो, त्याच्याचसाठी तर तो आकडा खाली आणला जातो. आठ वर्षांची डिझेल एसयूव्ही आणि मीटर ७०,००० म्हणजे महिन्याला सरासरी सातशे-सव्वासातशे किलोमीटर. ज्याला महिन्याला सातशे किलोमीटरच जायचे होते, त्याने पेट्रोलपेक्षा लाख-दीड लाख जास्त देऊन डिझेल कशाला घेतली असती? असे मालक असतात, विशेषतः निवृत्त झालेले आणि परदेशी मुलांचे आईवडील. पण बाजारात जितक्या ‘डॉक्टरांच्या, सिंगल हँड, फक्त रविवारी बाहेर काढलेल्या’ गाड्या विकायला उभ्या असतात, तितके डॉक्टर महाराष्ट्रात नसावेत.

खरे रनिंग शोधायला जादू लागत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चॅसी नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असतात. अनेक ठिकाणी ही माहिती नोंदणीकृत मालकालाच देतात, म्हणून मालकाला सोबत न्यावे, आणि तो यायला टाळाटाळ करत असेल तर त्याचाही अर्थ लावावा. गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लावला तर काही गाड्यांत इंजिनाच्या, एअरबॅगच्या किंवा एबीएसच्या कंट्रोलरमध्ये वेगळा आकडा सापडतो. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी, मीटर ३५,०००, आणि चारही टायर २०२२ मधले, हे जुळत नाही. क्लचच्या पॅडलचे रबर एका बाजूने गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कातडी सोललेली, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलेली, आणि आकडा म्हणतो पन्नास हजार: अशा वेळी रबराचे ऐकावे.

पूर्वीची टॅक्सी पांढऱ्या पाटीवर आणून विकण्याचा प्रकारही याच सदरात मोडतो. परमिटची गाडी खाजगी करून घेणे कायदेशीर आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. लपवले असेल तर मात्र किमतीत तो फरक आलेला नसतो. नोंदणीचा इतिहास, मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत सरकारच्या एमपरिवहन ॲपवर पाहता येते आणि थकलेली ई-चलाने वेगळी तपासता येतात. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विम्याबाबत ‘तो गाडीबरोबर येतोच’ असे म्हणतात, ते तृतीय पक्षाच्या विम्यापुरते ठीक. हस्तांतर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो.

दिल्लीचा मुद्दा जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण तिथला स्वस्तपणा खरा आहे आणि त्याचे कारणही खरे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग झाला, तो काही दिवसांतच थांबवावा लागला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. या सगळ्या अनिश्चिततेमुळे तिथे सात-आठ वर्षांची चांगली डिझेलसुद्धा स्वस्तात निघते. महाराष्ट्रात दहा वर्षांची अशी मर्यादा नाही, तेव्हा ती इथे आणावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण दोन लाख कुठे वाचतात ते कागदावर मांडू. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, इथला अर्ज, आणि महाराष्ट्राचा कर. वैयक्तिक मालकीच्या नव्या डिझेल मोटारीवर महाराष्ट्रात किमतीनुसार १३ ते १५ टक्के कर आहे. बाहेरून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी वीस लाखांच्या गाडीवर ती रक्कम हजारांत मोजण्यासारखी राहत नाही. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठीचा अर्ज मूळ नोंदणीच्या कार्यालयात द्यायचा, आणि पुण्यात बसून त्याचा पाठपुरावा कसा करायचा याबद्दल संदेश गप्प आहे. त्यात चौदा-पंधराशे किलोमीटर गाडी आणण्याचा खर्च आणि एजंटची दक्षिणा मिळवा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गाडीचा भूतकाळ त्या अंतरात हरवतो. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत गेली होती आणि त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर कुठल्या तरी राज्यात विकल्या गेल्याच असतील. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे म्हणा. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर यांतून निघालेल्या गाड्याही बाजारात फिरल्या. पण सांगलीच्या गाडीबद्दल सांगलीत एक फोन करता येतो. पुरातली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहावी, स्टेपनीच्या खाचेत आणि गालिच्याखाली बारीक गाळ आहे का बोटाने चाचपावे, आणि सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का पाहावे. कोकणातली गाडी असेल तर पूर नसला तरी खाऱ्या हवेने चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, खाल्लेली असू शकते; स्कॉर्पिओ, इनोव्हा, फॉर्च्युनरसारख्या चॅसीवर बसवलेल्या गाडीखाली आडवे होऊन, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चॅसी ठोकत गेले की घट्ट पत्रा आणि पोकळ पापुद्रा यांचे आवाज वेगळे येतात. नव्याने मारलेला काळा रंग दिसला तर तिथे दोनदा ठोकावे.

डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला मात्र केवळ अपुरा नाही, तो चुकीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आले आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारा हा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळायला त्याच्या आत सुमारे सहाशे अंश तापमान लागते, आणि ते महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावर मिळते. रोज चार किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला ते कधीच मिळत नाही. मग गाडी वारंवार जादा इंधन सोडून काजळी जाळण्याचा प्रयत्न करते, तो अर्ध्यात तुटतो, आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढवते. वर ज्या डिझेलच्या वासाचा उल्लेख केला तो इथला. शिवाय काजळी जळाली तरी राख उरते, ती जळत नाही. म्हणून भरपूर चाललेल्या बीएस-सिक्स गाडीत फिल्टरची स्थिती स्कॅनरवर पाहिल्याशिवाय सौदा करू नये. एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत याखेरीज धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी आहे, आणि ती रिकामी राहिली तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देणारे गॅरेजवाले आहेत, हे खरे. पण कंपनीने दिलेल्या स्वरूपात असा बदल करणे कायद्याला मान्य नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकालाच दंड आणि कैदेची तरतूद आहे, आणि ज्याच्या नळीतून आता काळा धूर सुटतो त्याच्या मागच्या स्कूटरवर कोणाचे तरी मूल बसलेले असते. जुनी बीएस-सिक्स घेताना आधीच्या मालकाने हा उद्योग करून ठेवला आहे का, हे तपासण्याची जबाबदारीही आता आपल्यावर येते. सायलेन्सरच्या टोकाच्या आत पांढरा रुमाल फिरवावा. फिल्टर शाबूत असेल तर तो जवळपास स्वच्छ निघतो.

राहता राहिला ॲव्हरेजमधून वसुलीचा हिशेब. २०२५ मध्ये पुण्यात डिझेल लिटरला ९० रुपयांच्या आणि पेट्रोल १०४ च्या आसपास होते. जुनी मोठी डिझेल लिटरला बारा किलोमीटर देते असे धरू, तर किलोमीटरला साडेसात रुपये. त्याच आकाराची पेट्रोल नऊ देते असे धरू, तर साडेअकरा. फरक चार रुपयांचा. वर्षाला २०,००० किलोमीटर असतील तर ८०,००० रुपये वाचतात आणि संदेश बरोबर ठरतो. पण संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचे, माझ्यासकट, वर्षाचे रनिंग आठ हजारांच्या आसपास असते; वाचतात ३२,०००. माझे १,३७,००० फिटायला चार वर्षांहून जास्त लागले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे म्हणून डिझेलच बरे, असेही कोणी त्याला जोडून पाठवतात. इथेनॉलबद्दलची शंका रास्त असली, तरी त्यावर उपाय म्हणून कोणाची तरी झिजलेली नोझल विकत घेणे हा आजार बदलण्याचा प्रकार झाला. २०१४ च्या गाडीची पहिली नोंदणी २०२९ मध्ये संपते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि वर पर्यावरण कर, हेही त्या हिशेबात धरावे लागते.

म्हणून माझा हिशेब असा की जास्त चाललेल्या डिझेलची किंमत ठरवताना, जे काम झाल्याचे बिल विक्रेता दाखवू शकत नाही, ते करायचे आहे असे समजून ती रक्कम वजा करावी. बेल्ट, क्लच, नोझल, टायर आणि सस्पेन्शन या पाचांपैकी किती बिले फाइलमध्ये आहेत, यावर सौदा ठरावा. मीटरवर ठरू नये.

या जानेवारीत माझ्या चुलतभावासाठी साताऱ्याजवळ एक जुनी इनोव्हा पाहायला गेलो होतो. मीटर १,७४,०००. मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, गाडी मुख्यतः सातारा-मुंबई फेऱ्यांना वापरलेली. फोनवर मी सकाळी सातची वेळ मागितली आणि ‘काका, तोवर गाडी सुरू करू नका’ अशी विनंती केली, ते म्हणाले, “नाही करत, पण तुम्ही वेळेवर या, मला आठला बँकेत जायचंय.” पोहोचलो तेव्हा काचांवर दव होते आणि बोनट बर्फासारखे गार. किल्ली भावाने फिरवली, अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागले, किंचित धूर आला आणि गेला. काकांनी प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळी बिले तारखेप्रमाणे लावलेली होती; क्लच १,३१,००० ला, बेल्टचे बिल मात्र नव्हते. “तो राहिलाय,” ते स्वतःहून म्हणाले. बेल्ट आणि दोन टायर यांचे मिळून चाळीस हजार कमी करून व्यवहार झाला, आणि भावाने गाडी घरी नेण्याआधी थेट गॅरेजात नेली.